‘वय झालं’ हे निदान नव्हे

म्हातारी माणसं दवाखान्यात येऊन ‘मन उदास आहे’ असं क्वचितच सांगतात. झोप लागत नाही, जेवण जात नाही, अंग दुखतं, असंच सांगतात. मग अंगदुखीच्या गोळ्या आणि जीवनसत्त्वं दिली जातात. घरचे म्हणतात, ‘आता वय झालं.’ या तक्रारींमागे नैराश्य असू शकतं आणि ते उपचारांनी बरं होतं, हे मात्र राहून जातं.

भामरागडमध्ये अडचण दुहेरी आहे. जिल्हा रुग्णालय दीडशेहून अधिक किलोमीटर दूर. पर्लकोटेला पूर आला की तोही रस्ता बंद. दुसरी अडचण भाषेची. माडिया बोलणाऱ्या आजीला मराठीतून मनाचं विचारलं तर ती काय सांगणार? नातवाला दुभाषा केलं, तर त्याच्यासमोर ती मोकळेपणानं बोलत नाही. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक २०२२ पासून आहे, पण त्यासाठीही फोन, नेटवर्क आणि भाषा हवी.

मानसोपचारतज्ज्ञाची वाट पाहत बसण्याखेरीज मार्ग आहे का? गोव्यातला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. नैराश्याची सुरुवातीची लक्षणं असलेल्या, साठीपुढच्या १८१ जणांचे दोन गट केले होते. एका गटाला प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी रोजच्या अडचणी सोडवायला, झोपेची घडी बसवायला, मधुमेहासारखे आजार सांभाळायला आणि सरकारी योजना मिळवायला मदत केली. वर्षभरात या गटातल्या चौघांना नैराश्याचा आजार जडला; नेहमीचीच सेवा मिळालेल्या गटात तेरा जणांना. अभ्यास लहान आहे आणि गोवा म्हणजे भामरागड नव्हे, हे खरं. तरी दिशा स्पष्ट आहे.

आपल्याकडे हे काम गावातली माडिया बोलणारी आशाताई करू शकते. गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागत नाही का, सारखं निराश वाटतं का, हे दोन प्रश्न तिनं घरी जाऊन, एकांतात विचारावेत. पण तिच्यावर आणखी एक फुकटचं काम लादू नये. प्रशिक्षण आणि स्वतंत्र मोबदला मिळायलाच हवा. शिवाय नैराश्याची औषधं प्राथमिक आरोग्य केंद्रात पावसाळ्याआधीच पोहोचायला हवीत. ही औषधं कित्येक महिने घ्यावी लागतात, मध्येच तोडून चालत नाहीत.

रक्तदाबाच्या गोळ्यांचा साठा आपण पुरापूर्वी करतो. मनाच्या औषधांचाही करायला हवा.