साष्टी : हुंड्यांत न आलेलें बेट

पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटांची राणी लिलिउओकलानी हिला १८९३ सालीं मळेवाल्यांच्या व व्यापाऱ्यांच्या गटानें पदच्युत केलें आणि १८९८ सालीं अमेरिकेनें तीं बेटें आपल्या राज्यास जोडलीं. ही हकीकत आमचे सुशिक्षित वाचक हळहळत वाचतात, व तें योग्यच आहे. परंतु ठाण्याच्या खोपट भागांत राहणाऱ्या किती कुटुंबांस, आपणहि एका बेटावरच राहतों व तें बेटहि व्यापाऱ्यांनींच बळकावलें होतें, हें ठाऊक आहे?

वसईची खाडी, ठाण्याची खाडी व समुद्र यांनीं वेढलेलें हें बेट म्हणजे साष्टी. सहासष्ट गांवांवरून तिचें नांव पडलें. १६६१ च्या विवाह-तहानें मुंबई इंग्रजांस आंदण मिळाली, तेव्हां साष्टीहि तिच्याबरोबर गेली, असा समज आमच्यांत रूढ आहे. तो साफ चुकीचा आहे. इंग्रजांनीं तसा दावा केला खरा; परंतु पोर्तुगीजांनीं तो मानला नाहीं, उलट ठाण्यास मुंबईच्या मालावर जकात घेतली. १७३७ सालीं मराठ्यांनीं ठाणें जिंकलें. पुढें पुण्यांत राघोबादादा व बारभाई यांचा कलह पेटला असतां, पोर्तुगीज साष्टी परत घेणार या भीतीनें कंपनीनें १७७४ च्या डिसेंबरांत ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला. १७७५ सालीं सुरतेच्या तहांत राघोबादादांनीं साष्टी कंपनीस देऊं केली. १७८२ सालीं सालबाईच्या तहानें ती कायमची गेली. म्हणजे साष्टी हुंड्यांत गेली नाहीं; ती भाऊबंदकींत गेली. हुंड्याची गोष्ट गोड आहे, कारण तींत आमचा दोष कोठेंच येत नाहीं!

कोणी म्हणतील, ठाणें हें मुंबईचें उपनगर. त्याला निराळा इतिहास कसला? त्यांस आमचें उत्तर असें कीं, १७८७ सालीं ठाण्याच्या किल्ल्याजवळ पाया खणतांना शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके ९३९ चा ताम्रपट सांपडला. त्यांत श्रीस्थानक नगराचा उल्लेख आहे. मुंबई शहर त्या काळीं जन्मासहि आलें नव्हतें.

तो किल्ला आज कारागृह आहे. तेथें अपराधी कोंडावेत. इतिहास कोंडूं नये. पालकांनीं मुलांस हुंड्याची कथा अवश्य सांगावी, परंतु १७७४ ची हकीकत गाळूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.