रात्रीची लाईट, उडालेली झोप : हा प्रश्न फक्त विजेचा नाही

रब्बी सुरू झाली की गावात पहिली चौकशी असते, या आठवड्यात लाईट दिवसाची की रात्रीची? ज्या शेती फीडरवर अजून सौरऊर्जेची वीज आलेली नाही, तिथं थ्री फेज पाळीपाळीनं मिळते. रात्रीची पाळी लागली की गहू-हरभरा, कांदा, ऊस यांची दारं धरायला बॅटरी घेऊन निघायचं. सकाळी परत धारा, वैरण, मजुरांची जुळवाजुळव आहेच. झोप मिळेल तेव्हा.

यावर मोर्चे निघाले, निवेदनं दिली गेली. पण मागणी कायम विजेची राहिली, आरोग्याची झाली नाही.

डॉक्टर काय सांगतात?

मोठ्या माणसाला रोज किमान सात तास झोप लागते. वर्षानुवर्षं ती कमी पडली तर रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. दुपारी तीन-चार तास पडलं म्हणजे भरपाई झाली, असं होत नाही. शरीराचं घड्याळ उजेड-अंधारावर चालतं आणि पाळी सारखी बदलली की ते बिघडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं तर २००७ मध्ये रात्रपाळीच्या कामाला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं आणि २०१९ मध्ये तेच मत कायम ठेवलं. कारखान्यात रात्रपाळीची हजेरी तरी लागते. शेतकऱ्याच्या रात्रपाळीची नोंद कुठंच नाही.

दुसरा धोका लगेचचा आहे. सलग १७ ते १९ तास जागा असलेला माणूस थोडी दारू प्यायलेल्या माणसाइतका मंदावतो, हे अभ्यासातून दिसलं आहे. अशा अवस्थेत ओल्या हातानं स्टार्टर दाबायचा, विहिरीच्या काठावरून चालायचं, पहाटे मोटारसायकलवर घरी यायचं. त्यात अंधारात साप. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशानं सुमारे १२ लाख लोक गेल्याचा अंदाज आहे, त्यातले बहुतेक खेड्यातले. घोणस रात्री फिरते. मण्यार तर जमिनीवर झोपलेल्या माणसालाच चावते. त्यामुळे वस्तीवर पडायची वेळ आली तर खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपा. साप चावला तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा.

मग करायचं काय?

दिवसा वीज देण्यासाठी राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. आपला फीडर त्यात कधी येणार, हे ग्रामसभेत विचारा. तोवर पाळीचं वेळापत्रक आधी कळावं आणि ते पाळलं जावं, एवढी मागणी तरी रास्त आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाचं इंजेक्शन शिल्लक आहे का, हेही विचारा.

आणि आरोग्य खात्यासाठी एक सूचना. तीस वर्षांवरच्या लोकांची बीपी-शुगर तपासणी गावोगाव होते. तंबाखू खाता का, दारू पिता का, हे तेव्हा विचारलं जातं. 'महिन्यातून किती रात्री पाणी द्यायला जाता?' हा एक प्रश्न त्यात घालायला खर्च येत नाही. आकडे कागदावर आले, तर दिवसा विजेची मागणी टाळणं सरकारलाही जड जाईल.