माकडाला केळं: दया नव्हे, हौस

मुक्काम पीण्या, बेंगळूरु.

वर्दी उतरवली तरी फौजीची पोस्टिंग संपत नाही. सध्या एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर आहे. राहायला मागच्या गल्लीत दोन खोल्या, परसात एक उंबर आणि पाण्याची टाकी. आज जे लिहितोय ते काही जणांना झोंबेल. झोंबू दे. आधी मलाच झोंबलंय.

गेल्या वर्षी या उंबरावर माकडांची टोळी यायला लागली. आपल्या सातारा-कोल्हापूरकडं दिसतात तीच, डोक्यावर केसांची टोपी असलेली. पहिला महिना मी नुसता बघत होतो. रात्रपाळीहून यायचं, चहाचा ग्लास घ्यायचा आणि पायरीवर बसायचं. टोळीचा पुढारी कोण, पिल्लाची आई कोण, फांदीवरून टेहळणी कोण करतंय, सगळं ओळखू यायला लागलं. तिथंच थांबायला हवं होतं. एक दिवस केळं पुढं केलं. मग रोज अर्धा डझन. व्हिडिओ काढून पलटनीच्या ग्रुपवर टाकले. तुम्हीच त्यावर अंगठे दाखवलेत.

तीन महिन्यांत टोळी उंबरावरून गल्लीत उतरली. शेजारच्या पत्र्याच्या खोलीत निपाणीकडचा एक टर्नर राहतो. त्याची पाच वर्षांची पोर दारात बिस्किटाचा पुडा घेऊन बसली होती. माकडानं पुडा ओढला, तिनं सोडला नाही. दंडाला चावा घेतला. जखम साबणानं धुऊन तिला दवाखान्यात नेलं. रेबीजच्या इंजेक्शनांच्या चार तारखा पडल्या. बाप रोजंदारीवर, म्हणजे चार तारखांचे चार खाडे. तो माझ्यावर ओरडला नाही. एवढंच म्हणाला, “साहेब, गेटवर तुम्ही सगळ्यांना अडवता. ह्यांना मात्र तुम्हीच आत घेतलंत.”

यावर उत्तर असेल तर मला कळवा.

चूक माकडाची नाही. टोळीत वरचढ माकड आलं की खालचं माकड घास सोडून बाजूला होतं. रोज केळं सोडून मी त्याला हेच शिकवलं, की माणूस खालचा आहे. पोरीनं पुडा सोडला नाही, त्याची शिक्षा तिला मिळाली. माकड दात दाखवतं तेव्हा आपण “हसतंय बघ” म्हणतो. ते हसणं नसतं, घाबरणं असतं. आपण त्याच्याकडं रोखून बघतो, ती त्याला धमकी वाटते. म्हणजे त्याची भाषा येत नसताना आम्ही त्याच्याशी दोस्ती करायला निघालो.

आणि आपण फौजी यात सगळ्यात पुढं. लडाखला राहिलेल्यांनी छातीवर हात ठेवून सांगावं, लंगरचं उष्टं कुठं जात होतं? त्या उकिरड्यांवर कुत्र्यांच्या झुंडी पोसल्या. आज तीच कुत्री काळ्या मानेच्या क्रौंचाची अंडी आणि पिल्लं खातात. हा लडाखचा राज्यपक्षी. आपली बदली झाली, आपण ट्रंक उचलून निघून आलो. कुत्री तिथंच राहिली.

काही जण म्हणतील, “आपणच त्यांचं जंगल घेतलं, मग चार केळी दिली तर बिघडलं काय?” जंगल घेतलं हे खरं. १८९६ साली पीण्या-जालहळ्ळीची ५९९ एकर जागा वन म्हणून जाहीर झाली होती. पुढं तिथं एचएमटी आली, भोवती कारखाने आले. ती जागा कुणाची, यावरून वनखातं आणि एचएमटीत २०२४ साली पुन्हा वाद पेटला. पण मंडळी, कर्ज जमिनीचं आहे, त्याची फेड बिस्किटांनी होत नाही. झाड तोडताना गप्प बसायचं आणि शनिवारी मारुतीचं रूप म्हणून केळी वाटायची, ही भूतदया नव्हे. ही स्वतःच्या मनाची मलमपट्टी आहे.

दादरच्या कबुतरखान्याचं आठवा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये महापालिकेची ताडपत्री लोकांनी फाडून काढली. दाणे टाकणारा टाकून घरी जातो, धूळ आणि विष्ठा शेजारी राहणाऱ्याच्या छातीत जाते. इथंही तेच. खाऊ घालणारे बहुतेक गाडीतून येतात किंवा जाळी लावलेल्या गॅलरीत राहतात. पत्र्याच्या खोलीला जाळी नसते. पुण्य एकाचं, चावा दुसऱ्याला.

आणि शेवटी भोगतं ते माकडच. त्रास वाढला की लोक पिंजऱ्याची मागणी करतात. पकडून दुसऱ्या रानात सोडलं की तिथल्या टोळ्यांशी मारामारी, नाहीतर शेजारच्या गावात नवी चोरी. आमच्या गल्लीतही पिंजऱ्याची भाषा सुरू झाली आहे. ज्या आईला मी नावानं हाक मारत होतो, तिचं पिल्लू उद्या एकीकडं आणि ती दुसरीकडं गेली, तर ते माझ्या अर्ध्या डझन केळ्यांमुळं.

म्हणून मी केळी बंद केली. पहिला आठवडा वाईट गेला. टोळी दार हलवायची, खिडकीशी येऊन बसायची. मी आत बसून राहिलो. कचऱ्याच्या डब्याला कडीचं झाकण केलं, टाकीचं झाकण तारेनं बांधलं, गल्लीतल्या चार घरांनाही तसं करून दिलं. टर्नरच्या दाराला जाळी बसवली, माझ्या पैशानं. उपकार नाही, दंड भरला. आता टोळी येते, उंबर पिकला असेल तर खाते आणि निघून जाते. मी पायरीवरून बघतो, रिकाम्या हातानं.

खायला घालायची एवढीच खाज असेल, तर गावाकडच्या पडीक बांधावर वड लावा, उंबर लावा. झाड मोठं व्हायला वर्षं लागतील, त्याचा व्हिडिओ लगेच निघणार नाही आणि ग्रुपवर अंगठेही मिळणार नाहीत. तरी लावा. परसात येणाऱ्या माकडाला मात्र काही देऊ नका. त्याला माणसाची भीती आहे तोवरच ते सुरक्षित आहे, आणि शेजारची पोरही.

जय हिंद.