तिसऱ्या घंटेचा धनी

सीमाभागातील आपली मराठी मंडळी एकत्र जमली, की एक तक्रार हमखास कानी येते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बसवकल्याण कर्नाटकात गेले, आश्रय तुटला आणि म्हणून येथील मराठी नाटक मावळले. ही तक्रार आता तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

'ललितकलादर्श' ही नामवंत नाटक मंडळी केशवराव भोसले यांनी १९०८ मध्ये स्थापन केली, ती पुण्या-मुंबईत नव्हे, कन्नड मुलुखातील हुबळीत. तेव्हा त्यांचे वय अवघे सतरा. १९२१ मध्ये ते निवर्तले. बापूराव पेंढारकरांनी मंडळीची धुरा वाहिली. १९३७ मध्ये तेही गेले. पुढे १९४२ मध्ये त्यांचे चिरंजीव भालचंद्र यांनी ऐन विशीत ती पुन्हा उभी केली. 'दुरितांचे तिमिर जावो', 'पंडितराज जगन्नाथ' ही नाटके त्यांच्याच निर्मितीतील. गिरगावातील मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यगृहाचा कारभारही त्यांनी पाहिला. तेथील कित्येक प्रयोग ध्वनिफितींवर जतन केले. तिसरी घंटा वेळेवर होण्याबद्दल त्यांचा कटाक्ष असे. २०१५ मध्ये ते गेले, तेव्हा गायक नट म्हणून त्यांचे गुणगान झाले. कारभाऱ्याची आठवण मात्र थोड्यांनीच काढली.

कोणी म्हणेल, हिशेब ठेवणारा कला थोडीच निर्माण करतो? मान्य. परंतु बालगंधर्वांसारखा लोकोत्तर नट असूनही गंधर्व नाटक मंडळी कर्जात बुडाली, हे कसे विसरावे? टाळ्यांनी देणी फिटत नाहीत.

नोकरीच्या उमेदीच्या काळात मी येथील एका हौशी मंडळात होतो. नट होते, संहिता होती, पेटीवालाही होता. पावतीपुस्तक कोणाकडे आहे, हे मात्र तिसऱ्या प्रयोगापर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. चौथा प्रयोग झालाच नाही. त्याचे खापर आम्ही खुशाल सीमारेषेवर फोडले! आयुष्यभर सरकारी दप्तर सांभाळणारा मी. पण ते पुस्तक सांभाळायला मीही पुढे झालो नाही.

सरकारकडे मागणे अवश्य मागावे. तो आपला हक्क आहे. पण पुढील नाटकाचा नायक ठरविण्यापूर्वी कारभारी ठरवा, आणि श्रीफळ देताना आधी त्याला द्या.