मेंढरांचा हिवाळा नकाशावर आणा

या आठवड्यात एका चर्चेत तोच सल्ला पुन्हा ऐकला: मेंढपाळांनी हिवाळ्यातली भटकंती सोडावी, मेंढरं बंदिस्त ठेवावीत, मुरघास घालावा. बोलणारे अभ्यासू होते, हेतूही चांगला होता. पण चाऱ्याचा हिशेब त्यांनी एकदाही मांडून पाहिलेला नव्हता, आणि त्याचाच मला राग आला.

मांडू या. दख्खनी मेंढी 25 ते 30 किलोंची. तिला दिवसाला जवळजवळ किलोभर कोरडा चारा लागतो. तीनशे मेंढरांच्या वाड्याला, म्हणजे फिरत्या कळपाला, रोज तीन क्विंटल, दिवाळीनंतरचे चार महिने धरले तर 36 टन. मुरघासात दोन तृतीयांश पाणीच असतं, म्हणजे तोच चारा मुरघासाच्या रूपात द्यायचा तर शंभर टनांच्या पुढे. पारनेर, माण, आटपाडीच्या माळावर तो कुठून येणार? मुरघासासाठी आधी मका पिकवावा लागतो, मक्याला पाणी लागतं. ते पाणी नाही म्हणूनच माणूस बायकामुलं, घोडी, कोंबड्या घेऊन घाट उतरतो.

घाटाखाली काय असतं, हे या स्तंभाच्या जुन्या वाचकांना सांगायला नको. तरी थोडं सांगतो, कारण थंडीत उघड्यावर एवढा मोठा कळप जगवण्याची याहून स्वस्त रीत मला माहीत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भात कापून होतं. खाचरात धसकटं, त्यांना फुटलेली हिरवी पात, बांधावरचं गवत, सांडलेला दाणा आणि पेंढ्याचा चुरा उरतो. हे गोळा करून विकणं कुणालाच परवडत नाही. ते फक्त तोंडानेच गोळा होतं, आणि तीनशे तोंडं लागतात. धवळपुरीकडचे धनगर माळशेजने मुरबाड-शहापुराकडे येतात, कुणी कर्जत, खालापूर, पेणपर्यंत. सकाळी दहिवर सुकेपर्यंत मेंढरं सोडत नाहीत. दिवसभर खाचरांतून चारतात, चारा कमी पडला की आकडीने बोरी-बाभळीचा पाला पाडतात. संध्याकाळी ठरलेल्या शेतात जाळीची वाघर लावतात आणि मेंढरं तिथे बसवतात. रात्रभराच्या लेंड्या आणि मूत त्या खाचराला मिळतं. शेतकरी त्याबदली भात किंवा पैसे देतो. दुसऱ्या रात्री वाघर पुढच्या खाचरात सरकते. चारा मेंढरांकडे आणायचा खर्च नाही, खत शेताकडे न्यायचा खर्च नाही.

यात कौशल्य किती आहे ते बघा. वालाची, हरभऱ्याची पेरणी झालेली शेतं टाळायची. ओलसर खाचरांतल्या गोगलगायींमुळे यकृतात चपटे कृमी होतात, म्हणून जंताचं औषध चुकवायचं नाही. व्यायलेल्या मेंढीला मूठभर भरड वेगळी द्यायची, कोकरं वाड्यावरच राखायची. देशावर थांबलेल्यांना दुसरीच काळजी असते: ज्वारी कापल्यावर खोडाला फुटलेल्या कोवळ्या धुमाऱ्यांवर कळप घुसला तर किराळ लागते आणि तासाभरात जनावरं आडवी पडतात. ही माहिती गोठ्याच्या आराखड्यात नसते, चालणाऱ्या माणसाच्या डोक्यात असते.

बंदिस्तवाले डिसेंबर 2021 चा दाखला देतात. द्यायलाच हवा. त्या महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांत अवकाळी पाऊस आणि बोचरा वारा एकत्र आला आणि जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर पट्ट्यात उघड्यावरची शेकडो मेंढरं गारठून मेली. पण ती चालत होती म्हणून मेली नाहीत. रात्रीपुरती उंचवट्याची कोरडी जागा, वाऱ्याला आडोसा आणि पोटात पुरेसा सुका चारा नव्हता म्हणून मेली. पेंढ्यासारखा सुका चारा मेंढीच्या पोटात आंबतो तेव्हा ऊब तयार होते. भिजलेल्या मेंढीला त्या रात्री तीच ऊब तारते. मुक्कामाच्या गावी पेंढ्याच्या शंभर गाठी आणि चार ताडपत्र्या असत्या, तर बरंच काही वाचलं असतं. गावोगाव गोठे बांधण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त आहे.

आता माझा नेहमीचा मुद्दा: वर्षातले काही महिनेच वापरात असणाऱ्या जागांचा. मुंबईत कफ परेडच्या मच्छीमार नगरात हिवाळ्यात चालत जा. ऊन असेल तिथे जवळा, सुकट पसरलेली दिसेल, जाळी वाळत असतील, बायका मासळी उलटीपालटी करत असतील. ही मोकळी जागा म्हणजे मासेमारीचा अर्धा धंदा आहे. ताजी मासळी त्या दिवशी विकली गेली नाही, तर तिचं मोल या जमिनीवरच टिकतं. तिथेच जुलैत जा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, आभाळातून धार, जमीन चिखलाची आणि रिकामी. मोजणीला माणूस पावसाळ्यात आला तर त्याच्या कागदावर ‘मोकळी जागा’ एवढंच लिहिलं जाईल. आणि या शहरात मोकळी जागा म्हणजे काय होतं, हे मच्छीमार नगराला शेजारचे भरावावरचे टॉवर रोज सांगत असतात.

भातखाचराचं नेमकं हेच आहे, फक्त ऋतू उलटा. ऑगस्टमध्ये गेलात तर भात दिसेल, मेंढरू एकही दिसणार नाही. डिसेंबरमध्ये गेलात तर शेत ‘पडीक’ दिसेल, आणि वाड्याचा मुक्काम आदल्या रात्री हलला असेल तर लेंड्यांखेरीज पुरावाही नाही. वाळवणाची जागा आणि वाघरीची जागा, दोन्ही वर्षातले काही महिनेच कामाच्या. पण त्या काही महिन्यांवर अख्खं वर्ष उभं असतं. एका दिवसाच्या पाहणीत हा वापर सापडत नाही. जो वापर सापडत नाही, तो हक्क म्हणून नोंदवला जात नाही, आणि मग त्या जागेवर कुंपण पडतं. पनवेल, पेण, कर्जतकडे फार्महाऊसच्या भिंती वाढल्या तसा वाड्यांचा फेरा लांबला, हे तिकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

फरक इतकाच की कोळ्यांनी भांडून निदान एक गोष्ट कागदावर आणली. 2011 च्या किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) अधिसूचनेत किनारा व्यवस्थापनाच्या नकाशांवर मासेमारी गावं आणि मासळी वाळवण्याच्या जागा दाखवाव्यात असं लिहिलं गेलं. अंमलबजावणीवर मी इथे अनेकदा लिहिलं आहे, त्यात समाधान मानण्यासारखं फार थोडं. तरीही बोट ठेवायला एक ओळ आहे. धनगरांना 2006 च्या वनहक्क कायद्याने फिरत्या चराईचा हक्क दिला, पण तो वनजमिनीपुरता. खासगी खाचरातला मुक्काम तोंडी शब्दावर चालतो. राज्य सरकारच्या महामेष योजनेत मेंढरं घ्यायला अनुदान आहे, चराई अनुदानही आहे. ते महिना 6 हजार, जून ते सप्टेंबर. पावसाळ्याची सोय झाली, ती हवीच होती. थंडीतल्या वाटेसाठी आणि मुक्कामासाठी काय?

स्पेनने 1995 मध्ये कायदा करून जनावरांच्या जुन्या वाटा सार्वजनिक मालकीच्या म्हणून जपल्या, आणि दर ऑक्टोबरात मेंढरांचा कळप राजधानी माद्रिदच्या भर रस्त्यातून नेला जातो, तो हा वाटेचा हक्क लोकांच्या डोळ्यांपुढे राहावा म्हणून. संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष चराऊ कुरणांचं आणि पशुपालकांचं म्हणून जाहीर केलं आहे. मच्छीमार नगरापासून मंत्रालय फार लांब नाही. तिथे बसून एक काम करता येईल. मुरबाड, शहापूर, कर्जत, खालापूर आणि पेण या पाच तालुक्यांत तलाठी आणि पशुवैद्यकाने दिवाळी ते होळी या काळात वाड्यांबरोबर फिरावं आणि मुक्कामाच्या जागा, पाणवठे, घाटाच्या वाटा नोंदवाव्यात. ऑगस्टमध्ये नव्हे. त्या नोंदीवरून प्रत्येक वाटेवर पेंढ्याच्या गाठींचा साठा, ताडपत्र्या, आंत्रविषार आणि पीपीआर या रोगांच्या लसी यांची ठिकाणं ठरवावीत. भात कापायच्या आत आदेश निघाला, तर याच हिवाळ्यात पहिला नकाशा हाती येऊ शकतो.