पदर, टाळ आणि सभाभय

रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खांची जी लांबलचक यादी दिली आहे, तीत एक मूर्ख असा आहे की जो आपल्या घराच्या चार भिंतींत चांगला शहाणा असतो, पण चारचौघांपुढे उभा राहिला की शरमतो, आणि मग त्याला शब्द सुचेनासा होतो. समर्थांच्या दृष्टीने हे वर्गीकरण योग्यच होते. त्यांना सभा जिंकणारी, महंती चालवणारी माणसे घडवायची होती. चौदाव्या दशकात कीर्तन कसे करावे याचे तपशीलवार शिक्षण त्यांनी दिले आहे ते उगाच नव्हे. परंतु ज्याला सभा जिंकायची नाही, ज्याला केवळ एक अभंग किंवा एखादे नाट्यपद चार माणसांत बसून नीट म्हणायचे आहे, अशा हौशी गाणाऱ्याला या यादीचा उपयोग काय? आधीच घसा कोरडा पडलेला. त्यात आपण भितो म्हणजे मूर्ख ठरतो, या जाणिवेची भर. आमच्या मते सभाभयाविषयी मराठीत जे बोलले जाते ते बहुतांशी अजूनही याच यादीच्या छायेत आहे. भीती हा त्या व्यक्तीचा दोष, आणि तो तिने 'आत्मविश्वास' नावाचे औषध घेऊन घालवावा, असा एकूण सूर असतो.

मुळात हौशी गायकाला भीती वाटावी हेच एक कोडे आहे. व्यावसायिक गायकाची भाकरी मैफलीवर अवलंबून असते, हौशी माणसाचे काहीच अवलंबून नसते. तरी थरथरतो तो हाच. याचे एक कारण साधे आहे. व्यावसायिकाची एक मैफल बिघडली तर ती शंभरांतली एक असते. हौशी माणसाला वर्षाकाठी गणेशोत्सवातली किंवा स्नेहसंमेलनातली एकच बैठक मिळते. दुसरे कारण गावाच्या आकारात आहे. पुण्यामुंबईच्या सभागृहात समोर बसलेली माणसे अनोळखी असण्याची सोय आहे. गंगाखेडसारख्या तालुक्याच्या गावी ही सोय नाही. समोर शेजारी असतात, व्याही असतात, शाळेत हात पुढे करायला लावून छडी मारलेले गुरुजी असतात. चुकलेला स्वर मैफलीबरोबर संपत नाही, तो दुसऱ्या दिवशी भाजीबाजारात भेटतो. पोटाला धक्का नसला तरी अब्रूला असतो, आणि अब्रूची भीती भुकेच्या भीतीपेक्षा कमी खरी असते असे कोणी समजू नये.

शरीर या वेळी जे करते त्याला शास्त्राकडे उत्तर आहे. छाती धडधडते, श्वास उथळ होतो, तोंडाला कोरड पडते, लय नकळत चढत जाते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ साली मांडलेला सिद्धान्त असा की, दुसऱ्यांच्या उपस्थितीत माणसाची जी प्रतिक्रिया अधिक मुरलेली असेल ती वर उसळते. जे पक्के असते ते अधिक चांगले होते, जे कच्चे असते ते अधिक बिघडते. हौशी माणसावर हा नियम किती निर्दय आहे हे सांगायला नको. पण सारा दोष कच्च्या रियाजावर टाकून मोकळे होता येत नाही, कारण व्लादिमिर होरोवित्झसारखा जगद्विख्यात पियानोवादक १९५३ पासून १९६५ पर्यंत जाहीर कार्यक्रमांपासून दूर राहिला. त्याचा रियाज कच्चा होता असे म्हणण्याचे धाडस कोण करील? अमेरिकेतील वाद्यवृंदांच्या वादकांची १९८७ साली एक मोठी पाहणी झाली, तीत चौथ्या हिश्श्याहून अधिक वादकांनी हृदयाची धडधड आवरणाऱ्या गोळ्या घेत असल्याचे सांगितले. म्हणजे ज्यांना आपण 'सरावलेले' म्हणतो तेही सरावलेले नसतात. ते भीतीसह वाजवत असतात. इतके सांगून शास्त्र थांबते. आपण कोणाला भितो आणि त्याने नेमके काय हिरावून घेऊ नये म्हणून भितो, हा प्रश्न उरतोच, आणि तो आम्हांला वाङ्मयाचा प्रश्न वाटतो.

गंगाखेडचे नाव वर आले ते केवळ उदाहरणासाठी नव्हे. गोदावरीला गंगा म्हणणाऱ्या या काठावर जनाबाईचा जन्म झाला असे परंपरा मानते. लहानपणीच ती पंढरपुरी दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवांच्या घरी आली आणि दासी म्हणून राहिली. दळण, कांडण, सडासारवण, शेणी वेचणे ही तिची कामे आणि याच कामांतून तिचे गाणे. ती व्यावसायिक नव्हे, कीर्तनकार म्हणून नावाजलेली नव्हे. आजच्या शब्दांत सांगायचे तर ती घरात गाणारी बाई. तिच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग मिळतात. त्यांतला कोणता निश्चितपणे तिचा आणि कोणता मागून आलेला, हा वाद अभ्यासकांनी करावा. आम्हांला येथे त्यांपैकी एकच हवा आहे. डोक्यावरचा पदर ढळला आहे आणि आता ती टाळ व वीणा घेऊन भर बाजारातून जाणार आहे, असा तो अभंग. महाविद्यालयात शिकलेल्या बहुतेकांना तो पाठ असतो, गायिकांनी तो घरोघर पोचवला आहे, आणि बहुधा म्हणूनच तो नीट वाचला जात नाही.

'जनाबाईचे बंड' किंवा 'जनाबाईचे धैर्य' असे शीर्षक देऊन या अभंगावर उत्तरे लिहिली जातात. पण क्रियापदांकडे पाहावे. पदर तिने फेकलेला नाही. तो खांद्यावर आला आहे. क्रियापद अकर्मक आहे आणि ती गोष्ट घडून गेली आहे. बाजारात जाण्याची आणि वाद्ये घेण्याची क्रियापदे मात्र भविष्यकाळी आहेत. म्हणजे ज्याची भीती होती ते आधीच होऊन चुकले आहे, आणि निश्चय त्याच्यानंतर येतो. धैर्य आधी, मग पाऊल, असा जो क्रम आपण मुलांना शिकवतो त्याच्या अगदी उलटा हा क्रम आहे. जनी लाज जिंकत नाही, लाज गेली असे धरूनच ती चालू लागते. पुढे ती विचारते की आता मला मनाई कोण करणार. हा प्रश्न मनाई करणारे होते याचा पुरावाच नव्हे काय? शेवटी तर ती स्वतःला वेसवा म्हणवून घेते. चारचौघांत गाणाऱ्या बाईला लोक जो शब्द लावतील तो तीच आधी उच्चारते, आणि मग लोकांच्या हाती काही शिल्लक राहत नाही. अखेरच्या चरणातली क्रियापदे पुन्हा भूतकाळी आहेत. उंबरठा ओलांडणे अभंगाच्या मधल्या चरणांत कोठे तरी होऊन जाते, आणि नेमके कोठे ते बोट ठेवून दाखवता येत नाही.

हा शब्द केवळ तेराव्या-चौदाव्या शतकाचा म्हणून सोडून देता येत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपर्यंत जाहीर गाणे आणि 'घरंदाज' असणे ही दोन टोके मानली जात होती. तिकीट लावून स्वतंत्र मैफली करणाऱ्या पहिल्या गायिकांत हिराबाई बडोदेकरांचे (१९०५–१९८९) नाव घेतले जाते. त्यांनी मार्ग काढला तो नेमका उलट बाजूने; संयत बैठक आणि शालीन वागणूक यांच्या बळावर गाणाऱ्या स्त्रीला त्यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली. जनीने दुष्कीर्ती अंगावर घेऊन जे केले, ते हिराबाईंनी कीर्ती सांभाळून केले. दोन्ही मार्गांचा आदर ठेवूनही आम्हांला वाटते की हौशी गाणारणीला हिराबाईंचा मार्ग फार महाग आहे. तेवढी तयारी, तेवढे घराणे, तेवढा आवाज कोठून आणायचा? आणि आजही एखाद्या सुनेला गणपतीत गाताना जी धाप लागते, ती सगळी स्वरांची नसते.

जनीकडे आणखी एक गोष्ट आहे, ती आख्यायिकेतली. विठ्ठल तिच्याबरोबर दळू लागतो. भक्तिभावाने ही कथा हजारदा सांगितली गेली. तिच्यातली बसण्याची रचना मात्र फारशी कोणी पाहिली नाही. ऐकणाऱ्याचा हात त्याच खुंट्याला आहे. तो न्याय करायला बसलेला नाही, त्याच्याही कपाळाला घाम आहे. दळणाच्या ओव्यांचे सारे जग असेच होते. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या ज्यांनी गायिल्या त्यांपैकी कोणाला आपण 'कलावंत' आहोत असे वाटले असेल असे आम्हांला वाटत नाही. जात्यावर श्रोता नसतो. दुसरी दळणारी असते.

वारकऱ्यांच्या भजनाने हीच रचना मोठी करून ठेवली. दोन रांगा समोरासमोर, मध्ये विणेकरी, मृदंग एका बाजूला. नवा माणूस प्रथम रांगेच्या टोकाला टाळ धरून उभा राहतो. काही महिने तो फक्त झील धरतो. कार्तिकातल्या काकड्याला अंधारात चेहरा दिसत नाही, तेव्हा त्याचा आवाज जरा मोकळा होतो. मग केव्हा तरी एखादा जाणता नुसत्या मानेने खूण करतो आणि एक चरण त्याच्या वाट्याला येतो. नाव पुकारले जात नाही, टाळ्या पडत नाहीत. चरण विसरला तर रांग तो उचलते, पट्टी चढली तर मृदंगी डोळ्यांनी सांगतो. चूक होते, पण ती कोणा एकाची म्हणून उरत नाही. आषाढीला शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणीहून गंगाखेडला येते आणि पुढे परळीच्या वाटेला लागते. त्या रांगांत गाणारे हजारो पाय चालत असतात; त्यांपैकी कितीजण एकट्याने व्यासपीठावर चढले असते? भीती त्यांच्यात नाही असे नव्हे, तिला उभे राहायला जागा नाही.

या परंपरेचे गोडवे गाताना एक खडा दाताखाली येतो, तो गिळून चालणार नाही. जनीने वीणा खांद्यावर घेण्याचे म्हटले खरे, पण फडांच्या परंपरेत वीणा प्रामुख्याने पुरुषांच्याच खांद्यावर राहिली. जी रांग एका गाणाऱ्याची लाज वाटून घेते, तीच दुसरीला रांगेबाहेर ठेवू शकते. महिला भजनी मंडळांनी गेल्या काही दशकांत स्वतःच्या रांगा उभ्या केल्या ही त्यातली आनंदाची गोष्ट. पण त्यांच्या मागोमाग भजनस्पर्धाही आल्या. ध्वनिवर्धक, समोर तीन परीक्षक, सुरांना इतके गुण, तालाला इतके, वेशभूषेलाही काही. रांग मोडून अर्धवर्तुळ झाली आणि सगळ्यांची तोंडे परीक्षकांकडे वळली. मग ज्या बाया देवळात तासभर सहज गात होत्या त्यांचे हात टाळ धरताना कापू लागले, तर त्यांना आत्मविश्वासाचे व्याख्यान देण्यात काय हशील?

एकट्याने गायच्या गाण्याचे काय, असे कोणी विचारील. नाट्यपद काही झील धरून म्हणता येत नाही. खरे आहे. तरी तेथेही तंबोऱ्यावर मागे बसलेला साथीदार असतो, पेटीवाला असतो, आणि तो जर गाणाऱ्याच्या ओळखीचा, त्याच्याबरोबर महिनाभर बसलेला असेल तर निम्मा बाजार घरचाच होतो. आमच्याकडच्या संमेलनांत साथीदार आयत्या वेळी, पंधरा मिनिटे आधी येतो आणि पट्टी विचारतो. बिचाऱ्या मुलाला आपली पट्टीही तेव्हा आठवत नाही.

मराठीच्या वर्गात जनाबाई शिकवताना तो अभंग सहसा एका मुलीला उभे करून वाचायला लावतात, बाकीचे साठ जण बसून तिच्याकडे पाहत असतात. तोच तास बाके बाजूला सारून, दोन रांगा करून, चाल कोणतीही लावून घेता येईल. एखाद्या वर्गात टाळांचा जोड नसेल तर हातांनीही भागते.