माउंट कापायचं यंत्र घेऊ नका!

आधीच सांगून टाकतो, हा लेख भांडण काढण्यासाठी आहे.

फ्रेममध्ये काच आणि फोटो यांच्या मधे जी पुठ्ठ्याची चौकट असते, तिला आपले फ्रेमवाले 'माउंट' म्हणतात. ती घरी कापायची ठरली की आमच्या आयटी जमातीतला माणूस पहिलं काय करतो? स्प्रेडशीट उघडतो. लोगनचं अमुक मॉडेल, तमुक मॉडेल, रुळावर सरकणारं मुंडकं, सरळ कापाचं वेगळं, तिरप्या कापाचं वेगळं. तीन वीकएंड तुलना चालते, मग पाच आकडी ऑर्डर जाते. आणि आजोबांचा फोटो? तो अजून काचेला टेकलेलाच!

माउंट म्हणजे नुसती सजावट नव्हे, हेच मुळात आपण विसरतो. जुन्या फोटोंच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. दमट हवेत तो मऊ होतो आणि काच टेकलेली असेल तर तिला चिकटतो. मग ओढायला गेलात की आजोबांचा चेहरा काचेवर आणि कोरा कागद तुमच्या हातात. माउंट मधे जेमतेम दीड मिलिमीटरची फट ठेवतो. बस्स, त्याचं खरं काम तेवढंच.

आमच्या पलूस तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या गावांना ओल म्हणजे काय हे शिकवायला नको. ऑगस्ट २०१९ चा महापूर झाला, जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं. आता पुरात बुडालेला फोटो माउंट वाचवणार नाही, हे कबूल. पण पूर काही वर्षांनी येतो, भिंतीची ओल मात्र दर पावसाळ्यात येते. आणि निगेटिव्ह कधीच गेलेली असते. त्या माणसाचा जगात तेवढा एकच फोटो!

तर आता हत्यारं. माझी यादी चार ओळींची आहे.

१. हाताने ढकलायचं साधं तिरप्या कापाचं कटर. म्हणजे ४५ अंशांत पातं बसवलेला ठोकळा.
२. पात्यांचं अख्खं पाकीट.
३. जाड, जड स्टीलची पट्टी. प्लॅस्टिकची नको, पातं तिलाच तासतं.
४. खाली ठेवायला त्याच बोर्डाचा एक टाकाऊ तुकडा.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं दोन नंबरचं. बोथट पातं पुठ्ठा कापत नाही, फाडतं. कोपऱ्यात लव निघते ती त्यामुळे, यंत्र स्वस्त होतं म्हणून नव्हे. ऑल्फाच्या योशिओ ओकादांनी १९५६ मध्ये टोक मोडून नवी धार काढायचं पातं बनवलं, त्यामागचं शहाणपण हेच: धार झिजणारच, तेव्हा ती बदलणं सोपं करा. आमच्याकडे हे कळायला जपानलाही जावं लागत नाही. किर्लोस्करवाडी पलूस तालुक्यातच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० साली इथे आले. मूळ शिक्षण चित्रकलेचं, पण रंग नीट ओळखू येत नसल्यामुळे ती सोडून यंत्रांकडे वळलेला माणूस. त्यांच्या सुरुवातीच्या उत्पादनांत लोखंडी नांगराबरोबर कडबा कापायचं यंत्रही होतं. ज्याने कधी कडबाकुट्टी फिरवलीय त्याला विचारा. चाक कितीही मोठं असू द्या, पात्याला धार नसेल तर कडबा नुसता चुरगळतो.

आता जुगाडवाल्यांकडे वळतो. 'दहा रुपयांचा कटर आणि स्थिर हात पुरे' म्हणणारेही मला पटत नाहीत. नुसत्या हाताने चारही बाजूंना ४५ अंश कोण धरतो? पातळ पातं वाकतं आणि काप लाटेसारखा येतो. ठोकळ्याचं कटर त्यासाठीच. बोर्ड पालथा घाला, मागच्या बाजूला रेषा आखा, पातं खालच्या तुकड्यात जेमतेम रुतेल इतकंच बाहेर काढा आणि एका दमात ढकला. कोपऱ्याच्या रेषेपुढे साधारण बोर्डाच्या जाडीइतकं जा, कारण तिरपं पातं पुढच्या बाजूला तेवढंच मागे राहतं. आधी रद्दी तुकड्यावर दहा काप मारा. हात बसतो.

वाचलेले पैसे बोर्डात घाला. साधा पुठ्ठा लाकडाच्या लगद्याचा. त्यातल्या लिग्निनमुळे काही वर्षांत आम्ल तयार होतं आणि फोटोभोवती तपकिरी पट्टा उमटतो. आम्लमुक्त बोर्ड मागा, सुती मिळाला तर उत्तमच. भारी यंत्राने भिकार पुठ्ठा कापणं म्हणजे महागड्या सर्व्हरवर बगांनी भरलेला कोड चढवणं.

यंत्र कुणी घ्यावं? ज्याला प्रदर्शनासाठी पन्नास चौकटी कापायच्यात त्याने. भिंतीवरच्या चार फोटोंसाठी नाही. आणि हे सगळं नको असेल तर खुशाल फ्रेमवाल्याकडे जा, पण "माउंट घाला, बोर्ड आम्लमुक्त वापरा" एवढं ठणकावून सांगा. न सांगितल्यास काच थेट फोटोवर बसते, हा माझा अनुभव.

असो. या रविवारी ते स्प्रेडशीट बंद करा आणि गावाकडची एक फ्रेम उतरवून मागून उघडा. फोटो चिकटलेला दिसला तर ओढू नका, आधी काचेसकट स्कॅन करून घ्या. सुटा निघाला तर नशीब समजा, आणि पुढच्या पावसाळ्याच्या आत माउंट घाला. पातं मात्र नवंच लावा!